हरवलेले नातेवाईक आणि घराण्याची वंशावळ : विदर्भातल्या खेड्यांत शोध कसा घ्यावा

वंशावळ शोधायला निघालेल्या बहुतेकांचे काम दोन ठिकाणी बिघडते. काही जण वरून सुरुवात करतात. आडनाव कुठून आले आणि मूळ पुरुष कोण, हे आधी ठरवून ते खाली उतरू पाहतात, आणि आपल्या पणजोबांपर्यंत कधीच पोचत नाहीत. काही जण जातपडताळणीच्या प्रकरणाला जोडलेली वंशावळ हाती घेतात आणि ती पूर्ण असल्याचे समजून पुढे जातात.

या दुसऱ्या चुकीचे कारण समजून घ्यायला हवे. पडताळणीसाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचा पुरावा लागतो. अर्जदारापासून त्या पुराव्यापर्यंत पोचणारी एक रेघ काढली की प्रतिज्ञापत्राचे काम भागते. त्या रेघेत आत्या नसतात, आजीचे माहेर नसते, निपुत्रिक गेलेले चुलत आजोबा नसतात आणि भांडून गाव सोडलेले काका तर नसतातच. नातेवाईक शोधायचे असतील तर नेमकी हीच माणसे हवी असतात. म्हणून ती वंशावळ एक सुगावा म्हणून ठेवावी आणि तिच्यातला प्रत्येक दुवा पुन्हा तपासावा.

पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्यावेत. घर आणि गाव पुरते न पाहता थेट जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात गेलेला माणूस बहुधा रिकाम्या हाताने परततो, कारण तिथे नेमके काय मागायचे हेच त्याला सांगता येत नाही.

टप्पा १ : वही आणि गावाचा जुना पत्ता

एक जाड वही घ्यावी आणि प्रत्येक व्यक्तीला स्वतंत्र पान द्यावे. पानावर कागदोपत्री नाव, घरात हाक मारायचे नाव, स्त्री असल्यास माहेरचे व सासरचे नाव, जन्मगाव, मृत्यूचे गाव आणि ही माहिती कोणी व केव्हा सांगितली, हे सर्व लिहावे. कोणी सांगितले याचा रकाना लोक हमखास सोडतात. पुढे दोन माहित्या एकमेकींशी जुळेनाशा झाल्या की कोणती अधिक भरवशाची हे ठरवायला तोच रकाना उपयोगी पडतो.

त्यानंतर प्रत्येक गावाचा जुना प्रशासकीय पत्ता काढावा. आज वाशीम जिल्ह्यात असलेले गाव १ जुलै १९९८ पूर्वी अकोला जिल्ह्यात होते. गोंदिया १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून आणि गडचिरोली २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला. त्याहून मागे गेल्यास १९०५ पर्यंत वऱ्हाडात, म्हणजे विदर्भाच्या पश्चिम भागात, एलिचपूर (आजचे अचलपूर) आणि बासीम (आजचे वाशीम) हे स्वतंत्र जिल्हे होते, आणि आजच्या यवतमाळ जिल्ह्याचे नाव वून, म्हणजे वणी, असे होते. राजुरा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राजवटीत आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात असल्याने तिथले जुने महसुली कागद उर्दूत असू शकतात. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर पांढुर्णा, मुलताई, बालाघाट या बाजूची मराठी कुटुंबे मध्य प्रदेशात राहिली. सीमेलगतच्या गावांतल्या लोकांनी तिकडचे सोयरे विसरू नयेत.

विदर्भाचे दोन भाग वेगळ्या महसूल पद्धतींखाली होते, आणि कागदांची नावे त्यावरूनच ठरतात. नागपूर, वर्धा, भंडारा आणि चांदा (आजचे चंद्रपूर) या बाजूला मालगुजारी होती, म्हणजे गावाचा सारा मालगुजार भरत असे, तर वऱ्हाडात रयतवारी, म्हणजे शेतकरी सारा थेट सरकारला देत असे. पहिल्या भागात मिसल बंदोबस्त (सारा ठरवतानाचे गावाचे मूळ दप्तर), खसरा (शेतवार नोंद) आणि १९५० च्या दशकातला अधिकार अभिलेख मागावा. वऱ्हाडात हक्क नोंदणी पत्रक, पेरेपत्रक (पिकांची नोंद) आणि फेरफार (जमिनीचा हक्क बदलल्याची नोंद) मागावेत. अमरावतीच्या कचेरीत मिसल मागून काहीच हाती लागत नाही, तरी लोक ती मागत राहतात.

*तपासणी :* आजोबांच्या गावाचे नाव, मौजा (महसुली कागदातले गाव), त्या काळची तहसील आणि त्या काळचा जिल्हा या चारही गोष्टी लिहून झाल्याशिवाय कोणत्याही कचेरीत जाऊ नये.

टप्पा २ : घरातले कागद

सातबारा, शिधापत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि जुनी खरेदीखते सगळेच पाहतात. आहेराची वही मात्र कोणी उघडत नाही, आणि माझ्या मते घरातला सर्वांत मोलाचा कागद तोच. लग्नात कोणी काय आहेर केला हे नाव आणि गावासह त्यात लिहिलेले असते: अमक्या गावचे अमुक, एक पातळ, तमक्या गावचे तमुक, पाच रुपये. पन्नास वर्षांपूर्वी घराचे सोयरसंबंध कोणकोणत्या गावांशी होते, याची इतकी सविस्तर यादी दुसरीकडे मिळत नाही. जुन्या लग्नपत्रिकांतली निमंत्रकांची आणि मामांची नावे, तसेच तेरवीच्या पत्रिकाही याच कामाच्या. वही हाती लागताच तिच्यातली सर्व गावे वेगळ्या पानावर उतरवून घ्यावीत आणि एकच गाव किती वेळा आले तेही नोंदवावे. जे गाव वारंवार येते तिथे एकतर कोणाचे माहेर असते, नाहीतर मुलगी दिलेली असते.

*सावधान :* जीर्ण कागदाला चिकटपट्टी लावू नये आणि घडी जबरदस्तीने उघडू नये. दिवसाच्या उजेडात फोटो घ्यावा आणि मूळ कागद ज्यांच्या पेटीतला असेल त्यांच्याकडेच राहू द्यावा.

टप्पा ३ : वडीलधाऱ्यांशी बोलणे

“पणजोबांचे नाव काय होते?” असे विचारल्यावर बहुतेक म्हातारी माणसे “आठवत नाही” म्हणतात, आणि विचारणारा तिथेच थांबतो. नाव विसरते, रीत मात्र विसरत नाही. म्हणून प्रश्न रीतीच्या बाजूने विचारावेत. कोणाच्या मरणाचे सुतक आपल्या घरी पाळत होते? तेरवीला मुंडण कोणाकोणाचे झाले? या दोन प्रश्नांतून भाऊबंद कळतात. लग्नाची अक्षत द्यायला कोणत्या गावांना जावे लागे? माहेरपणाला आजी कुठे जात असे आणि तिला न्यायला कोण येई? यांतून सोयरे कळतात. कुलदैवत कोणते आणि देवकार्याला कोणती घरे एकत्र येत, हेही विचारावे. गोंड कुटुंबांत घराणे किती देवांचे, म्हणजे चार, पाच, सहा की सात देव पुजणाऱ्या गटातले, हा प्रश्न आडनावाच्याही आधी विचारावा, कारण भाऊबंद कोण आणि सोयरा कोण हे त्यावरूनच ठरते.

वर्ष विचारू नये, प्रसंग विचारावा. चिमूर-आष्टीच्या उठावाच्या वेळी, म्हणजे ऑगस्ट १९४२ मध्ये, अमुक जन्मले होते का? १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेला घरातून कोण गेले होते, आणि तेव्हा कडेवर कोणते मूल होते? बहात्तरच्या दुष्काळात कामाला कोण बाहेर पडले? अशा खुणांवरून दोन-तीन वर्षांच्या अंतराने वर्ष निश्चित करता येते.

बायकांशी स्वतंत्रपणे, आणि आधी बोलावे. ओट्यावर पुरुष बसलेले असताना घरातल्या आजी बहुधा गप्प राहतात, पण कोणाची मुलगी कोणत्या गावी दिली हे त्यांनाच नेमके ठाऊक असते. भेटीसाठी पेरणी आणि कापूसवेचणीचे दिवस टाळावेत. पीक घरात आल्यानंतरचा उन्हाळा बरा, आणि त्यातही अक्षय तृतीयेचा सुमार, कारण त्या दिवशी पितरांना जेवण घालताना घराघरांतून गेलेल्यांची नावे घेतली जातात.

*तपासणी :* एकच नाते दोन माणसांनी, एकमेकांच्या माघारी, सारखेच सांगितले असेल तरच ते वहीत शाईने लिहावे. एकाचेच म्हणणे असेल तर पेन्सिलने.

टप्पा ४ : गावातली नोंद

इथे तीन जागा आहेत. पहिली म्हणजे जिल्हा परिषदेची जुनी प्राथमिक शाळा. तिच्या दाखल-खारीज रजिस्टरात मुलाचे नाव, पालकाचे नाव, जात, जन्मतारीख आणि शाळा सोडल्याची तारीख व कारण असते. कारणाचा रकाना अवश्य वाचावा. गाव सोडून गेलेल्या कुटुंबाचा पहिला पुरावा कधी कधी तिथेच, एका ओळीत सापडतो. जन्मतारखेवर मात्र विसंबू नये. १ जून किंवा १ जुलै अशी तारीख दिसली तर ती बहुधा गुरुजींनी अंदाजाने घातलेली असते.

दुसरी जागा ग्रामपंचायत. तिथल्या नमुना ८ च्या कर आकारणी नोंदवहीत घरमालकांची नावे मिळतात. ज्यांच्याकडे शेती नव्हती अशा मजूर कुटुंबांसाठी ही वही आणि शाळेचे रजिस्टर सातबाऱ्यापेक्षा जास्त कामाचे आहे.

तिसरी जागा म्हणजे कोतवाल बुक. गावातले जन्म-मृत्यू कोतवाल नोंदवीत असे. ही पुस्तके आता बहुधा तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात. ती वाचताना लोक हटकून एक चूक करतात: मुलाचे नाव शोधतात. जन्माच्या नोंदीत पुष्कळदा मुलाचे नाव नसतेच. नुसते ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’, बापाचे नाव, जात आणि तारीख एवढेच असते. म्हणून शोध बापाच्या नावावर घ्यावा, आणि अपेक्षित वर्षाच्या मागची-पुढची पाच-पाच वर्षे पाहावीत. एका बापाच्या नावापुढे आलेले सर्व जन्म-मृत्यू ओळीने उतरवून घेतले की किती भावंडे जन्मली आणि किती लहानपणीच गेली, हे समोर उभे राहते. १९१८ च्या एन्फ्लुएंझाच्या वर्षाची पाने वाचताना एकाच घरातले मृत्यू लागोपाठ आलेले दिसतात. अशा घरातली उरलेली मुले मामाकडे किंवा आत्याकडे वाढलेली असू शकतात, आणि तिथूनच शाखा तुटते.

टप्पा ५ : तहसील आणि भूमी अभिलेख

महाभूमीच्या संकेतस्थळावर जुने स्कॅन केलेले अभिलेख पाहता येतात. आधी तिथे आपला जिल्हा, तालुका आणि गाव निवडून पाहावे. तिथे नसेल तर तहसीलच्या नक्कल शाखेत किंवा उपअधीक्षक भूमी अभिलेख यांच्या कार्यालयात प्रमाणित नकलेचा अर्ज करावा. “आमच्या घराण्याची सगळी माहिती द्या” असा अर्ज करू नये. गाव, अभिलेखाचे नाव, अंदाजे वर्षे आणि खातेदाराचे नाव लिहून एका अर्जात एकच अभिलेख मागावा. “रेकॉर्ड नाही” असे तोंडी उत्तर मिळाले तर तेच लेखी मागावे. त्यानंतर माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपये शुल्क भरून करता येतो आणि त्याला ३० दिवसांत उत्तर मिळायला हवे.

जुन्या नोंदींत आडनाव नसणे हे सर्रास आहे. ‘सखाराम वल्द गणू कुणबी, साकिन मौजे अमुक’ अशी नोंद असते. वल्द म्हणजे बापाचे नाव, जौजे म्हणजे नवऱ्याचे, बेवा म्हणजे विधवा, आणि साकिन म्हणजे राहणार. शके असेल तर ७८ मिळवावेत, संवत असेल तर ५७ वजा करावेत आणि दक्षिणी फसली सन असेल तर ५९० मिळवावेत. तिन्हींत एका वर्षाचा फरक पडू शकतो. मोडी लिपीतला कागद अंदाजाने वाचू नये, जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावे. मध्य प्रांत आणि वऱ्हाडचे जुने सरकारी दप्तर पाहायचे असेल तर पुराभिलेख संचालनालयाचे नागपूरचे कार्यालय आहे, पण गाव आणि वर्ष ठरल्याशिवाय तिथे जाण्यात अर्थ नाही.

*सावधान :* नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याच्या रीतीमुळे ‘महादेव वल्द गणपत’ आणि ‘गणपत वल्द महादेव’ ही जोडी पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहते. दोन वेगवेगळ्या महादेवांना एकच समजल्यामुळे वंशावळीतल्या दोन पिढ्या नाहीशा होतात. लागोपाठच्या दोन पिढ्यांतले अंतर साधारण १८ ते ४० वर्षांच्या बाहेर गेले की काम थांबवून पुन्हा तपासावे.

*सावधान :* आडनाव आणि गाव जुळते एवढ्यावरून दुसऱ्या घरची नोंद आपल्या वंशावळीला जोडू नये. पडताळणीच्या कामासाठी असे करणे गुन्हा आहे. शिवाय खऱ्या पूर्वजाची जागा त्यामुळे कायमची अडते, हे नुकसान मला त्याहून मोठे वाटते.

टप्पा ६ : मुलींकडून पुढे जाणारा शोध

जिवंत नातेवाईक सापडतात ते बहुतेक वेळा याच टप्प्यावर, आणि हाच टप्पा लोक वगळतात. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलींना बापाच्या मिळकतीत वारसा मिळाला. त्यामुळे त्यानंतर मरण पावलेल्या खातेदाराच्या वारस फेरफारात मुलींची नावे सासरच्या आडनावासह येऊ लागली. गाव नमुना ६ (फेरफारांची नोंदवही) आणि ६-क (वारसांची नोंदवही) या दृष्टीने ओळ न ओळ वाचावेत. बहिणींनी भावांच्या नावे हक्कसोड पत्र करून दिले असेल तर त्याचा फेरफारात उल्लेख असतो. मूळ पत्र दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात सापडले तर त्यात बहिणीचे पूर्ण नाव, वय आणि राहण्याचे गाव मिळते. तेवढ्या आधारावर त्या गावची मतदार यादी पाहावी. तीत घर क्रमांक आणि पती किंवा वडिलांचे नाव असल्याने तिची मुले-सुना एकाच ठिकाणी सापडण्याची शक्यता असते.

लग्नानंतर पहिले नावही बदलण्याची रीत पुष्कळ घरांत होती. म्हणून पहिले नाव जुळत नाही एवढ्या कारणाने नोंद टाकून देऊ नये. वय, बापाचे नाव आणि माहेरचे गाव या तिन्हींपैकी दोन गोष्टी जुळल्या तर पुढे विचारपूस करावी.

टप्पा ७ : भाटाची वही आणि तीर्थोपाध्याय

काही समाजांचे भाट गावोगावी फिरून वंशावळ वाचतात आणि नव्या जन्मांची नोंद घेतात. त्यांच्या वहीतल्या अलीकडच्या चार-पाच पिढ्या उपयोगाच्या असतात. त्यापलीकडे एखाद्या राजघराण्याशी जोडलेला धागा आदराने ऐकावा, पण पुरावा म्हणून लिहू नये. नाशिक-त्र्यंबकेश्वर, प्रयाग, काशी आणि गया येथील उपाध्यायांकडे यजमानांच्या नामावळी असतात. तिथे जाताना मूळ गाव, जात, आडनाव आणि किमान दोन पूर्वजांची नावे जवळ असावीत. अनेक कुटुंबे अस्थी रामटेकला किंवा जवळच्या नदीवरच नेत. त्यामुळे नोंद सापडली नाही म्हणून आपले पूर्वज त्या गावचे नव्हते, असा निष्कर्ष काढू नये.

टप्पा ८ : घरातून नाहीसा झालेला माणूस

माणूस आता, नुकताच हरवला असेल तर हा लेख बाजूला ठेवून ताबडतोब पोलीस ठाण्यात नोंद करावी. चोवीस तास थांबावे असा नियम नाही. मूल असेल तर १०९८ वर फोन करावा.

जुन्या काळी गेलेल्या माणसाचा शोध घेताना आधी तो का गेला हे ठरवावे, कारण शोधाची जागा त्यावरून ठरते. कामासाठी गेला असेल तर नागपूर, हिंगणघाट, पुलगाव, बडनेरा येथील कापड गिरण्या आणि बल्लारपूर, वणी, उमरेडच्या कोळसा खाणी ही जवळची ठिकाणे होती. तिथल्या जुन्या कामगार वस्त्यांत एकाच गावचे लोक शेजारी राहत, म्हणून माणसाचे नाव विचारण्याआधी गावाचे नाव विचारावे. दत्तक गेला असेल तर त्याच्या नावामागचा बाप बदललेला असतो. अशा वेळी दत्तकपत्र आणि निपुत्रिक नातेवाइकांचे फेरफार पाहावेत.

गावच उठले असेल, जसे वैनगंगेवरच्या गोसीखुर्द किंवा मोर्शीजवळच्या ऊर्ध्व वर्धा धरणात झाले, तर भूसंपादनाचा निवाडा मिळवावा. त्यात मोबदला मिळालेल्या खातेदारांची आणि वारसांची यादी असते. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या पुनर्वसन शाखेत कोणते कुटुंब कोणत्या वसाहतीत गेले याची चौकशी करावी. जुन्या नोंदीत गावापुढे ‘रिठी’ लिहिलेले असेल तर ते गाव उजाड झालेले आहे. त्याचे लोक आजूबाजूच्या दोन-तीन गावांत शोधावेत.

आजारपणामुळे गेलेल्या माणसांविषयी घरात बोललेच जात नाही. महारोग झालेल्यांना घराबाहेर काढले जाई, आणि वंशावळीतूनही. अमरावतीचे तपोवन, वर्ध्याजवळचे दत्तपूर आणि वरोऱ्याचे आनंदवन येथे अशा अनेकांचे आयुष्य गेले. काहींनी तिथेच संसार केले आणि त्यांची मुले-नातवंडे आज आहेत. मानसिक आजाराने भरकटलेल्यांसाठी नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात चौकशी करावी. अशा रुग्णांना बरे करून घरी पोचवण्याचे काम डॉ. भरत वाटवानी यांची कर्जत येथील श्रद्धा संस्था करते, तिच्याकडेही विचारणा करता येते. सर्व ठिकाणी लेखी अर्ज, नात्याचा पुरावा आणि जुना फोटो द्यावा. रुग्णांची माहिती गोपनीय असते. ती नाकारली गेली तर हुज्जत घालू नये. “ती व्यक्ती किंवा तिचे वारस असतील तर माझा निरोप त्यांना पोचवावा” अशी विनंती करावी, निर्णय त्यांच्यावर राहू द्यावा.

टप्पा ९ : पहिली भेट

सापडलेल्या नातेवाइकांच्या दारात अचानक सातबारा घेऊन उभे राहू नये. गावाकडून कोणी कागद घेऊन आले म्हणजे वाटणीसाठीच आले, असा समज आपल्याकडे पटकन होतो, आणि एकदा बंद झालेले दार पुन्हा उघडत नाही. दोघांनाही ओळखणारा एखादा सोयरा मध्ये घालावा. पहिल्या भेटीत फक्त जुना फोटो किंवा आहेराच्या वहीचे ते पान दाखवावे, कोणाची सही मागू नये, आधार क्रमांक विचारू नये आणि शेतीचा विषय काढू नये. जमिनीचा खरोखरच काही हक्क निघत असेल तर ते वकिलाकडे जाऊन वेगळ्या दिवशी पाहावे. त्यांनी भेटायला नकार दिला तर आपला पत्ता ठेवून परत यावे.

त्यांनी सांगितलेली माहिती घरी येऊन त्याच रात्री वहीत उतरवावी, न जुळणारे पेन्सिलनेच ठेवावे, आणि पुढच्या वेळी जाताना वहीची एक प्रत त्यांच्यासाठी न्यावी.